ऑनलाइन लेखनवर्गाचा उपयोग कसा करून घ्यावा?

आपल्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाची या वर्षातील पहिली बैठक चालू असताना प्रथम वर्षातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "ताई, तुम्ही तो मोबाईलवरचा कथालेखनाचा कोर्स केलात ना? त्याने खरंच लिहिता येतं, की पैसे पाण्यात?" मी "येतं की थोडंफार" असे म्हणून वेळ मारून नेली. प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर मला दोन वर्गांची हकिकत सांगावी लागली असती. पहिला मी केला आणि तो वाया गेला. दुसरा केला तेव्हा काही हाती लागले. दोन्ही वर्ग मराठीतून होते, मुदत आठ आठवड्यांची होती आणि शिकविणारेही सारखेच तळमळीचे होते. फरक पडला तो माझ्या वागण्यात. तो कोणता, हे सांगण्यासाठी हा लेख.

लेखन शिकविता येते काय?

हा प्रश्न आपल्याकडे वादसभेत दरवर्षी निघतो, म्हणून त्याचा थोडक्यात विचार करून पुढे जाऊ. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखन कार्यशाळा सुरू झाली. तेथे विद्यार्थ्याने लिहिलेली कथा इतर विद्यार्थी अगोदर वाचून येतात, मग वर्गात तिच्यावर चर्चा होते, आणि ही चर्चा चालू असताना मूळ लेखकाने सहसा गप्प बसावयाचे असते. फ्लॅनरी ओ'कॉनर ही कथालेखिका याच कार्यशाळेतून १९४७ साली पदवी घेऊन बाहेर पडली. पुढे १९६७ साली त्याच विद्यापीठात जगभरच्या लेखकांसाठी निराळा उपक्रम सुरू झाला. आपले दिलीप चित्रे १९७५ साली त्यासाठी तेथे गेले होते. या कार्यशाळेने प्रतिभा वाटली, असे कोणी म्हणणार नाही. तिने प्रत्येक लेखकाला आपले लेखन लक्षपूर्वक वाचणारी चार माणसे मिळवून दिली, एवढे निश्चित म्हणता येईल.

ही चार माणसे एकाच खोलीत असावी लागतात असेही नाही. मॅक्झिम गॉर्कीने आपल्या कथा चेखॉव्हकडे पाठविल्या आणि चेखॉव्हने पत्रांतून त्यांचे दोष दाखविले. १८९९ सालच्या एका पत्रात, नामांना आणि क्रियापदांना जोडलेले अनावश्यक शब्द खोडून टाकावेत, असा सल्ला त्याने दिला आहे. आपल्या 'सत्यकथा' मासिकाचे उदाहरण तर घरचेच. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नवोदितांना पत्रे लिहीत, कथा कोठे अडते ते सांगत आणि पुन्हा लिहावयास लावीत. ते मासिक १९८२ साली बंद पडले. खेड्यातील मुलाने टपालाने कथा पाठवावी आणि मुंबईहून तिचे बारकाईने केलेले वाचन परत यावे, हा एक दूरस्थ लेखनवर्गच होता, असे म्हणावयास हरकत नाही. आजचा ऑनलाइन वर्ग त्याच जातीचा आहे. पत्राला लागणारे आठ दिवस आता लागत नाहीत, इतकेच.

पहिला वर्ग : वाया गेलेले आठ आठवडे

पहिल्या वर्गात आम्ही दोनशेच्या वर विद्यार्थी होतो. दर सोमवारी व्याख्यानाच्या तीन-चार चित्रफिती येत, गुरुवारपर्यंत स्वाध्याय लिहून सर्वांना दिसेल असा ठेवावयाचा आणि रविवारपर्यंत निदान तिघांच्या स्वाध्यायांवर अभिप्राय द्यावयाचा, असा नियम होता.

मी चित्रफिती भाकऱ्या थापताना ऐकत असे. स्वाध्याय गुरुवारी रात्री अकरा वाजता घाईघाईने लिहीत असे, आणि अभिप्राय रविवारी रात्री. 'पात्रचित्रण', 'निवेदनाचा कोन', 'संघर्ष' हे शब्द मला पाठ झाले. शेवटी नक्षीदार चौकटीचे प्रमाणपत्र मिळाले आणि ते मी घरी दाखविले. त्यानंतर चार महिने एक ओळही लिहिली नाही.

यात मी एकटीच होते असे नव्हे. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी २०१२-१३ मध्ये विविध विषयांचे पहिले १७ विनामूल्य ऑनलाइन वर्ग चालविले. त्यांसाठी सुमारे ८ लाख ४१ हजार नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्रे मिळाली ती सुमारे ४३ हजार, म्हणजे शंभरात पाच. सोडून जाणाऱ्यांना आपण नावे ठेवतो. परंतु मी तर त्या पाचांपैकी होते, आणि तरीही रिकाम्या हातानेच परतले होते. प्रमाणपत्र मिळणे आणि काही शिकणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला तेथे कळले.

त्या वर्गातील एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. पाचव्या आठवड्याचा विषय 'सण' असा होता. एका काकूंनी दिवाळीच्या फराळावर लिहिले होते. सुरुवात मोठी खेळकर होती. चकल्या तेलात विरघळतात, शेजारणी सल्ले देतात, असे काहीसे. मी पहिले दोन परिच्छेद वाचले आणि खाली लिहिले, "मस्त! खूप मजा आली. असंच लिहीत राहा." दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाचा तरी अभिप्राय वाचून मी चमकले आणि तो लेख शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या परिच्छेदात, हा फराळ ज्या मुलासाठी दरवर्षी होत असे तो आता नाही, असे होते. काकूंनी त्यानंतर काही लिहिले नाही. माझ्यामुळेच लिहिले नाही, असे मी म्हणू शकत नाही, आणि माझ्यामुळे नाही असेही म्हणू शकत नाही. क्षमा मागण्याचा धीर होईपर्यंत वर्गाची मुदत संपली आणि तो विभाग बंद झाला. त्यांचा पत्ता माझ्याजवळ नाही.

पुढे ज्या सूचना मी करणार आहे, त्यांतील बऱ्याचशा या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

वर्ग निवडताना

प्रथम पाहावयाचे ते हे की, आपले लेखन वाचणार कोण? १९६१ साली अमेरिकेत टपालाने लेखन शिकविणारी एक शाळा निघाली. तिच्या जाहिरातींत नामांकित लेखकांची छायाचित्रे असत. १९७० साली जेसिका मिटफर्ड या लेखिकेने शोध घेतला तेव्हा असे उघडकीस आले की, ती नामांकित मंडळी विद्यार्थ्यांचे लेखन वाचत नव्हतीच. त्या लेखाने शाळेची पत गेली आणि पुढे ती दिवाळखोरीत निघाली. हा धडा आजही उपयोगी आहे. जाहिरातीतील मोठे नाव पाहण्याऐवजी पुढील चार प्रश्न विचारावेत. एका तुकडीत किती जण असतील? शिक्षक स्वतः किती स्वाध्याय वाचतील? पुनर्लेखनाला वेळ आहे काय? आणि वर्ग संपल्यावर आपले लेखन व त्यावरील अभिप्राय आपल्याला परत मिळतील काय?

माझ्या दुसऱ्या वर्गात बारा जण होतो. शुल्क जास्त होते, आणि ते मी सुटीत शिकवण्या घेऊन भरले. परंतु विनामूल्य वर्गही वाईट असतो असे नाही. दोनशेंच्या वर्गातही आपण पाच-सहा जणांचा गट पाडून घेऊ शकतो. पहिल्या आठवड्यात सर्वांचे थोडे थोडे वाचावे, ज्यांचे लेखन आणि अभिप्राय मनापासून केलेले दिसतात त्यांना विचारावे, आणि पुढील सात आठवडे एकमेकांचेच वाचावे. हे मला पहिल्या वेळी सुचले नाही.

वेळ आणि वही

दुसऱ्या वेळी मी पहाटे साडेपाच ते साडेसहा ही वेळ ठरवून टाकली. एक तास फार नव्हे, पण तो रोज एकाच वेळी आला की मन आपोआप तयार होते. मोबाईल त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवला. पहिला खर्डा वहीत हाताने लिहिला आणि दुसरा टंकलिखित केला. हाताने लिहिलेले टंकताना आपण ते पुन्हा वाचतो. वाक्य लांबलेले असेल तर बोटे कंटाळतात आणि ते आपसूक आखूड होते.

व्याख्यानाची चित्रफीत बघण्याचीही एक रीत आहे. शिक्षक स्वाध्याय सांगतात आणि लगेच त्याचे विवेचन सुरू करतात. तेथेच थांबवावे. आधी दहा मिनिटे आपण लिहावे आणि मग विवेचन ऐकावे. आपण अडखळलो ती जागा शिक्षकांच्या बोलण्यात आली की ती कायमची लक्षात राहते. नुसते ऐकलेले नियम माझ्या भाकऱ्यांबरोबर भाजून निघाले होते.

दुसऱ्याचे लेखन वाचणे

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, ऑनलाइन वर्गातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दुसऱ्यांचे कच्चे लेखन. छापलेले पुस्तक पूर्ण झालेले असते. त्यातील मोडतोड लेखकाने लपविलेली असते. सहाध्यायाच्या खर्ड्यात मात्र कथा कोठे हातातून सुटली हे उघड दिसते, आणि दुसऱ्याच्या खर्ड्यात दिसू लागलेला दोष काही दिवसांनी स्वतःच्याही खर्ड्यात दिसू लागतो. म्हणून अभिप्राय देणे हा उपकार किंवा वेठ न समजता आपल्या अभ्यासाचाच भाग मानावा.

मी स्वतःसाठी असा क्रम ठरविला. लेख प्रथम शेवटपर्यंत वाचावयाचा आणि काही लिहावयाचे नाही. दुसऱ्या वाचनात तीन खुणा करावयाच्या. काय लक्षात राहिले, कोठे गोंधळ झाला, आणि काय आणखी जाणून घ्यावेसे वाटले. अभिप्रायात या तिन्ही गोष्टी त्या त्या जागेसह लिहावयाच्या. "छान", "भावले", "अप्रतिम" हे शब्द वापरावयाचे नाहीत. ते खोटे असतात असे नाही, पण लेखकाला त्यांनी काही करता येत नाही. "तिसऱ्या परिच्छेदात सासूबाई किल्ली पदराला बांधतात, तेव्हा मला त्यांची भीती वाटली", या वाक्याने लेखकाला आपले काय साधले ते कळते. उलट "कथा लांबली आहे" असे मोघम सांगण्यापेक्षा "बस निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या भागात माझे लक्ष दोनदा उडाले" असे सांगावे. ते ऐकावयास सौम्य असते आणि उपयोगासही जास्त पडते.

एक अभिप्राय असा लिहावयास मला अर्धा-पाऊण तास लागे. तेवढ्यात पूर्वी मी दहा अभिप्राय 'उरकत' असे.

आपल्यावरचे अभिप्राय

आता उलट बाजू. अभिप्राय आला की पहिली इच्छा होते ती उत्तर देण्याची. "तुम्हाला कळलं नाही, मला असं म्हणायचं होतं..." ऑनलाइन वर्गात हा मोह जास्तच, कारण उत्तराची चौकट समोरच असते. आयोवाच्या वर्गात लेखकाला गप्प का बसवितात ते मला येथे उमगले. वाचकाच्या घरी आपण समजावून सांगावयास जाणार नसतो. मी आभार मानून दोन दिवस थांबत असे आणि मग सारे अभिप्राय वहीत एकाखाली एक उतरवीत असे.

असे उतरविले की एक गोष्ट ध्यानात येते. माझ्या एका कथेच्या दुसऱ्या पानावर सहांपैकी तीन वाचक अडले होते. एकाने सांगितले, हे पान काढून टाका. दुसऱ्याने सुचविले, येथे संवाद घाला. तिसऱ्याचे म्हणणे, हे पान आरंभी न्या. तीन वैद्य आणि तीन औषधे! मी प्रथम वैतागले. पण दुखणे कोठे आहे यावर तिघांचे एकमत होते. वाचक अडला ही जागा बहुधा खरी असते. त्याने सुचविलेला उपाय मात्र त्याच्या स्वतःच्या कथेचा असू शकतो. आपला उपाय आपणच शोधावा.

पुनर्लेखन : एक उदाहरण

ती कथा आमच्या गिरणीवरची होती. माझे वडील पिठाची गिरणी चालवितात. दुसऱ्या वर्गाच्या तिसऱ्या आठवड्यात स्वाध्याय आला होता, 'तुम्ही रोज ऐकता, पण ज्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, अशा आवाजाविषयी लिहा.' तोपर्यंत मी मुंबईच्या पावसात एकटीच उभी राहणारी नायिका लिहीत असे. मुंबई मी दोनदाच पाहिली आहे. या स्वाध्यायाने मला घरात आणून बसविले.

पहिल्या खर्ड्यात मी गिरणीचा आवाज लिहिला आणि दुसऱ्या पानावर वीजबिल, महागाई व गरिबी यांवर एक छोटे भाषण केले. वाचक अडले ते तेथेच. ते पान मी तीनदा दुरुस्त केले, तरी ते निर्जीवच राहिले. मग एका सहाध्यायी भगिनीने साधा प्रश्न विचारला, "एवढ्या आवाजात तुमच्या बाबांना गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू कसं येतं?"

खरी गोष्ट तीच होती आणि मी ती टाळली होती. बाबांना आता कमी ऐकू येते. गिरणीत माणसे हातांनी बोलतात. अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून 'बारीक' की 'जाड' ते दाखवितात. त्यामुळे पुष्कळ दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. एका महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी एक आजी राजगिरा घेऊन आल्या. उपवासाचे दळण सकाळी दगड स्वच्छ करून सर्वांच्या आधी काढावे लागते, नाहीतर आधीच्या धान्याचे पीठ त्यात उतरते. आजींनी तसे सांगितले, बाबांना ते ऐकू गेले नाही, आणि राजगिरा ज्वारीच्या मागून दळला गेला. आजी काही बोलल्या नाहीत. पुढल्या खेपेस त्यांनी डब्यावर चिठ्ठी चिकटवून आणली आणि हळूहळू इतरही आणू लागले. बाबा त्या चिठ्ठ्या वाचत, खिशात घालत आणि आमच्यापैकी कोणीही त्यावर एक शब्द बोलत नसे.

वीजबिलाचे पान गेले आणि त्या जागी चिठ्ठ्या आल्या. भाषण मी का केले होते, तेही मला कळले. खरे लिहिण्याची लाज वाटत होती, म्हणून सर्वांना मान्य होईल असे दुःख मी पुढे केले होते. चौथ्या खर्ड्यावर कोणी अडले नाही.

घरच्या माणसांवर लिहिताना त्यांची संमती घ्यावी, असे मला वाटते. वर्गात बारा जण असले तरी बारा घरे असतात. खर्डा पाठविण्यापूर्वी मी तो बाबांना वाचावयास दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. बराच वेळाने म्हणाले, "दगडांना टाकी लावायचं लिहिलंयस ते चुकलंय. ते काम गिरणी बंद ठेवून करतात. चालू गिरणीत नाही." मी विचारले, "बाकीचं पाठवू?" तर म्हणाले, "बाकीचं खरंच आहे ना? मग पाठव." त्यानंतर आमच्या घरात कानाच्या डॉक्टरांचा विषय प्रथमच उघडपणे निघाला. कथेमुळे तो निघाला असा दावा मी करीत नाही. पण कथा लिहिली गेली नसती तर मी तरी तो काढला नसता.

यंत्राच्या मदतीविषयी

सध्या यंत्राला विषय सांगितला की ते मिनिटभरात स्वाध्याय लिहून देते. आमच्या वर्गातही दोन-तीन स्वाध्याय तसे असावेत अशी शंका आली. यात शिक्षकांची फसवणूक होते, हे तर खरेच. परंतु खरी हानी निराळी आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यातील वीजबिलाचे पान यंत्राने माझ्यापेक्षा सफाईने लिहिले असते, आणि मग कोणी अडले नसते, कोणी तो प्रश्न विचारला नसता. शुद्धलेखन तपासण्यास किंवा शब्दाचा अर्थ पाहण्यास यंत्र जरूर वापरावे. पहिला खर्डा मात्र आपलाच असावा, मग तो कितीही वाईट असो. वर्गाला काम करण्यासाठी तो वाईट खर्डाच लागतो.

वर्ग संपल्यावर

शेवटच्या दिवशी दोन कामे करावीत. आपले सर्व खर्डे आणि त्यांवरील अभिप्राय उतरवून घ्यावेत, कारण विभाग बंद झाला की ते मिळत नाहीत. आणि निदान दोन सहाध्यायांना पुढेही एकमेकांचे वाचण्याविषयी विचारावे. आम्ही चौघी अजून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकेक खर्डा पाठवितो. एक पणजीची, एक बेळगावची, एक बडोद्याची आणि मी. प्रत्यक्ष भेट अद्याप झालेली नाही.

तेव्हा, त्या प्रथम वर्षातील मित्राला माझे उत्तर असे : पैसे पाण्यात जातात की नाही, हे वर्गापेक्षा आपण किती जणांचे शेवटपर्यंत वाचतो आणि आपले किती वेळा पुन्हा लिहितो यावर ठरते. आणि हे करावयास ऑनलाइन वर्गच हवा असेही नाही. वाङ्मय मंडळाने दर शनिवारी दुपारी ग्रंथालयातील लांब टेबल मागून घेतले आहे. ज्याला यावयाचे असेल त्याने आपल्या खर्ड्याच्या चार प्रती घेऊन यावे. वाचण्याची जबाबदारी आमची. आम्ही शेवटपर्यंत वाचू.